मालवाहू विमानाचा पायलट व्हायचंय? आधी ताफा वाचा, मग टाइप रेटिंगचे पैसे भरा

उलव्याच्या, म्हणजे नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली आणि ठाणे-नवी मुंबईतल्या घरांत पायलट होण्याच्या गप्पा वाढल्या. माझ्याकडे विचारायला येणारी मुलं-मुली कळव्याची असतात, ऐरोलीची असतात, कामोठ्याची असतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रवासी विमानच असतं. मालवाहू कंपनीचं नाव काढलं की सोबत आलेली आई विचारते, "म्हणजे कुरिअरचं विमान का हो?" हो, कुरिअरचंच. पण लायसन्स तेच, मेडिकल तेच आणि जबाबदारीही तेवढीच. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून निघून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या होत्या. आपल्या देशातल्या विमान कंपन्यांची सुरुवात मालानेच झाली.

मालवाहू कंपन्यांची भरती मात्र वेगळी चालते, म्हणून हा वेगळा लेख. या कंपन्या मोजक्या, त्यांचे ताफे लहान. मोठ्या प्रवासी कंपनीत चार विमानं इकडेतिकडे झाली तर नव्या उमेदवाराला कळतही नाही. सहा-आठ विमानांच्या कंपनीत एक विमान आलं किंवा गेलं की वर्षभराची भरती बदलते. ज्याला हे आधी कळलं, त्याचे लाखो रुपये वाचतात.

पायरी १ : मेडिकल, तेही फी भरण्याआधी

फ्लाइंग स्कूलला पैसे भरण्याआधी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) यादीतल्या डॉक्टरांकडून क्लास २ ही प्राथमिक मेडिकल करून घ्या आणि त्यानंतर लगेच क्लास १, म्हणजे व्यावसायिक पायलटला लागणारी. ईसीजी, छातीचा एक्स-रे, कानांची तपासणी, रक्त-लघवी, डोळे असं सगळं त्यात येतं. चष्मा असला म्हणून कोणी बाद होत नाही, चष्म्यासह नजर ठरलेल्या मर्यादेत यायला हवी. रंग ओळखण्यात दोष असेल तर मात्र तो आत्ताच कळलेला बरा. घर गहाण टाकून कर्ज काढल्यावर कळला तर सगळं कुटुंब अडकतं.

पायरी २ : कागदपत्रं आणि नावाचं स्पेलिंग

बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवं. कॉमर्स किंवा आर्ट्स झालं असेल तर हे दोन विषय एनआयओएस या मुक्त विद्यालयातून देता येतात, बरीच मुलं देतात. त्यानंतर डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर काढायचा. तो असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. यासाठी मार्कशीटची बोर्डाकडून पडताळणी लागते. आपल्या भागाचं विभागीय बोर्ड वाशीतच आहे, त्यामुळे पुण्याला खेटे घालायची गरज नाही.

आपल्याकडे घोळ होतो तो नावात. राज्य बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. आधारवर कधी मधलं नाव असतं, कधी नसतं. एका ठिकाणी 'अक्षय'च्या स्पेलिंगमध्ये एच असतो, दुसरीकडे नसतो. कॉम्प्युटर नंबर, मेडिकल, आरटीआर (रेडिओचं लायसन्स), पासपोर्ट या सगळ्यांवर नाव अक्षरशः एकच यायला हवं. नाहीतर लायसन्सच्या वेळी प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या मुलींनी तर हा बदल कुठल्या टप्प्यावर करायचा ते आधीच ठरवावं. अर्ज अर्धा पुढे गेल्यावर नाव बदललं की सगळी साखळी पुन्हा जुळवावी लागते.

पायरी ३ : सीपीएल

व्यावसायिक पायलटचं लायसन्स, म्हणजे सीपीएल, वयाच्या १८ व्या वर्षापासून मिळतं. त्यासाठी किमान २०० तास उड्डाण लागतं. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेला पायलट म्हणून हवेत. त्यात क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दूरच्या ठिकाणी) ५० तास, ३०० नॉटिकल मैलांचा एक लांबचा प्रवास, १० तास इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं बघून उडणं) आणि ५ तास रात्रीचं उड्डाण येतं. लेखी परीक्षा नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकल या विषयांच्या, पास व्हायला ७० टक्के. शिवाय रेडिओवर बोलण्यासाठी आरटीआर. मल्टि-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग नसेल तर कुठलीही विमान कंपनी दारात उभी करणार नाही, म्हणून ते सीपीएलसोबतच उरकायचं.

महाराष्ट्रात गोंदिया, धुळे, बारामती, जळगाव, नागपूर इथे शिकता येतं. कुठली संस्था चांगली, यावर मी नाव घेणार नाही. जाऊन बघा आणि तिथल्या मुलांना एकच प्रश्न विचारा : गेल्या महिन्यात तू किती तास उडालास? ब्रोशरवर वीस विमानांचे फोटो असतात आणि हँगरमध्ये उडण्याजोगी चार. मुलगा सांगेल ते उत्तर खरं. अर्जाच्या आधीच्या महिन्यांतलं उड्डाणही मोजलं जातं, त्यामुळे विमानाअभावी रखडलेलं ट्रेनिंग पुन्हा पैसे खातं.

खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो. महाज्योती या इतर मागासवर्गीयांसाठीच्या राज्य सरकारी संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत सीपीएल ट्रेनिंगची योजना राबवली आहे. पात्र असाल तर तिच्या जाहिरातीवर डोळा ठेवा.

पायरी ४ : ताफा वाचायला शिका

इथे मी जरा थांबणार आहे, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या यावर उभ्या आहेत.

लायसन्सवर नुसतं 'पायलट' लिहिलेलं असून भागत नाही. प्रत्येक मोठ्या विमानाचं वेगळं टाइप रेटिंग लागतं. म्हणजे कंपनीकडे कुठलं विमान आहे आणि दोन वर्षांनी कुठलं असेल, यावर तुमचं रेटिंग कामाचं की बिनकामाचं ते ठरतं.

भारतात कोणाकडे काय आहे ते बघा. ब्लू डार्ट एव्हिएशन १९९६ पासून उडतंय. सुरुवात बोइंग ७३७-२०० ने झाली, पुढे ७५७-२०० आली आणि अलीकडे ७३७-८०० ची मालवाहू विमानं ताफ्यात आली. अ‍ॅमेझॉनची मालवाहतूक जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली, ती क्विकजेटच्या ७३७-८०० वर. चेन्नईच्या अ‍ॅफकॉमनेही ७३७-८०० घेतलं. इंडिगोने २०२२ मध्ये ए-३२१ चं मालवाहू विमान आणलं आणि प्रधान एअर एक्स्प्रेसने ए-३२०. म्हणजे आपल्याकडची मालवाहतूक दोन कुळांकडे झुकली आहे, ७३७ आणि ए-३२०. दोन्हींत बहुतांशी जुनी प्रवासी विमानं. पंधरा-वीस वर्षं प्रवासी वाहून झाले की डाव्या बाजूला मोठं दार कापतात, खिडक्या बंद करतात, जमीन मजबूत करतात, कॉकपिटच्या मागे भक्कम अडसर बसवतात. असं ७३७-८०० साधारण २३ टन माल नेतं, ए-३२१ साधारण २७ टन.

आता ७५७ घ्या. उत्तम विमान, ताकदवान, त्यावर उडालेले पायलट त्याचं नाव प्रेमाने घेतात. पण त्याचं उत्पादन २००४ मध्ये थांबलं. स्वतःच्या पैशाने ७५७ चं रेटिंग करू का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर सरळ 'नाही' असतं. कंपनी स्वतः करून देत असेल तर आनंदाने करा.

परदेशातही हेच दिसतं. ४ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेत लुइव्हिलला यूपीएसचं एमडी-११ उड्डाण घेताना कोसळलं. तिथल्या सगळ्या एमडी-११ जमिनीवर आल्या आणि यूपीएसने पुढे ती विमानं कायमची निवृत्त केली. ज्यांच्या हातात फक्त त्या विमानाचं रेटिंग, त्यांना नव्याने दुसरं शिकणं आलं. बोइंगने ७६७ च्या मालवाहू विमानाचं उत्पादन २०२७ मध्ये थांबवायचं आधीच जाहीर केलंय. विमानं अशी जातात : काही ठरवून, काही एका रात्रीत.

ताफ्याची खबर कुठे मिळते? तीन जागा सांगतो. एक, डीजीसीएच्या संकेतस्थळावर परवानाधारक कंपन्या आणि त्यांच्या विमानांची माहिती. दोन, कंपनी शेअर बाजारात असेल तर तिचा वार्षिक अहवाल. ब्लू डार्ट एव्हिएशन ही शेअर बाजारातल्या ब्लू डार्ट एक्स्प्रेसची उपकंपनी, इंडिगोची मूळ कंपनीही बाजारात आहे. नवं विमान घेणार का, जुनं विकणार का, ते या अहवालात भरतीच्या जाहिरातीच्या कितीतरी आधी लिहिलेलं असतं. तीन, फ्लाइट ट्रॅकर. रात्री दीड-दोनला उघडा आणि मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद, चेन्नई यांच्यामध्ये कुठली व्हीटी नंबरची (भारतात नोंदलेली) मालवाहू विमानं फिरतायत ते आठवडाभर टिपून ठेवा. कागदावर सहा विमानं आणि आकाशात चारच दिसली, तर दोन दुरुस्तीत आहेत किंवा इंजिनाची वाट बघतायत. अशा वेळी नवी भरती होत नाही.

नवं विमान जाहीर झालं की भरतीचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी त्या टाइपचे अनुभवी कमांडर (कॅप्टन) आणि ट्रेनर. मग विमान परवान्यावर चढतं. मग रेटिंग असलेले फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. सगळ्यात शेवटी, झालीच तर, रेटिंग नसलेले नवे सीपीएलवाले. सुट्ट्या, ट्रेनिंग आणि रात्रीच्या मर्यादा धरून एका विमानामागे पायलटांच्या चार-पाच जोड्या लागतात. एका विमानाची बातमी वाचून शंभर जागा निघतील अशी आशा कोणी लावू नये.

पायरी ५ : टाइप रेटिंग कधी करायचं

माझं मत ठाम आहे : हातात कंपनीचं पत्र नसताना टाइप रेटिंग करू नका. पंधरा-वीस लाखांचा किंवा त्याहून मोठा खर्च, आणि रेटिंग करून घरी बसलात तर ते चालू ठेवायला पुन्हा सिम्युलेटरचे पैसे. 'रेटिंग करा, नोकरी आम्ही लावतो' म्हणणारे सल्लागार ठाण्यापासून बंगळूरपर्यंत भेटतील. त्यांना विचारा, कंपनीचं पत्र दाखवा. लेटरहेडवर, कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून, पदाचं नाव आणि अटी लिहिलेलं पत्र. ते नसेल तर चहा पिऊन उठा.

तरीही पत्राआधी निवड करावीच लागली तर असं बघा. ए-३२० चं रेटिंग ए-३१९ पासून ए-३२१ पर्यंत चालतं आणि इंडिगो, एअर इंडिया यांच्याकडे ही विमानं भरपूर आहेत, त्यामुळे प्रवासी बाजूला दारं जास्त. मालवाहू कंपन्यांत मात्र ७३७-८०० जास्त. त्यावरून पुढे आकासा किंवा एअर इंडिया एक्स्प्रेसच्या ७३७ मॅक्सवर जाताना फरकांचं वेगळं ट्रेनिंग घ्यावं लागतं, पण रस्ता बंद होत नाही.

पायरी ६ : जाहिरात नीट वाचा

'टाइप रेटेड फर्स्ट ऑफिसर' असं लिहिलं असेल तर सीपीएलवर त्याच विमानाची नोंद हवी. इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि पीपीसी (पायलटच्या कौशल्याची ठरावीक काळाने होणारी तपासणी) चालू असावी, क्लास १ मेडिकल, रेडिओचं लायसन्स, इंग्रजीची किमान लेव्हल ४ आणि पासपोर्ट हवाच. 'करंट' हा शब्द दिसला तर तो गंभीरपणे घ्या. ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग नसतील तर तुम्ही त्या विमानावर करंट नाही.

'कमांडर' असेल तर एटीपीएल, हे सीपीएलच्या वरचं लायसन्स लागतं, म्हणजे वय किमान २१ आणि किमान १५०० तास. त्यावर कंपनी स्वतःची अट लावते : त्या टाइपवर पायलट-इन-कमांड म्हणून इतके तास. ही अट विम्याच्या आणि विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या आग्रहातूनही येते, त्यामुळे 'दहा तास कमी आहेत, चालेल का' याचं उत्तर बहुधा नाहीच मिळतं.

जाहिरातीत 'बेस', म्हणजे तुमची ड्युटी जिथून सुरू होते ते शहर, कुठे लिहिलाय तेही बघा. मुंबईत विमान उतरतं म्हणून मुंबईत बेस असतो असं नाही. ठाण्यात घर आणि बेस चेन्नईला, असं झालं तर राहण्याचा खर्च पगारातून धरा.

पायरी ७ : निवड झाल्यावर काय शिकवतात

लेखी परीक्षा, मानसिक चाचणी, सिम्युलेटर, मुलाखत हे सगळीकडे सारखंच. वेगळेपण पुढे सुरू होतं.

धोकादायक मालाचं ट्रेनिंग प्रवासी पायलटांनाही असतं. मालवाहू विमानात मात्र ते रोजच्या कामाचं. उड्डाणाआधी कॅप्टनच्या हातात एक कागद येतो, 'नोटॉक' म्हणतात त्याला. कुठल्या जागेवर कुठला धोकादायक माल, किती, कुठल्या वर्गाचा, ते त्यावर असतं. रात्रीच्या दोनला, डोळे चुरचुरत असताना, तो ओळ न ओळ वाचायचा. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईत यूपीएसच्या ७४७ मध्ये आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. धुरामुळे पायलटांना समोरची उपकरणं दिसेनाशी झाली आणि दोघेही गेले. आज आपल्या प्रत्येक पार्सलात मोबाइल, पॉवर बँक, ट्रिमर असतो. तो कागद का वाचायचा, ते यातून समजून घ्या.

दुसरं, वजन आणि बांधणी. मार्केटात हातगाडीवर मागे जास्त गोण्या टाकल्या की पुढचे दांडे वर उचलले जातात, तसंच जमिनीवर उभं असलेलं विमानही शेपटीवर बसू शकतं. माल पुढच्या दारातून आत येतो आणि जमिनीतल्या रोलरवरून मागे ढकलला जातो, म्हणजे मागचा भाग आधी भरतो. म्हणून अनेक मालवाहू विमानांच्या शेपटीखाली लोड होईपर्यंत टेकू लावतात. विमानाभोवती फेरी मारताना तो काढलाय का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. प्रत्येक पॅलेटचं (माल बांधलेल्या फळीचं) लॉक वर आलंय का, हे बघणं माल चढवून घेणाऱ्या लोडमास्टरचं काम असलं तरी नवीन फर्स्ट ऑफिसरने त्याच्यामागे चालत जाऊन शिकावं. २९ एप्रिल २०१३ ला अफगाणिस्तानात बग्रामहून निघालेल्या मालवाहू ७४७ मधलं किमान एक अवजड लष्करी वाहन सुटून मागे सरकलं, विमान कोसळलं आणि सातही जण गेले.

यानंतर विमानावरच्या लँडिंग, मग ट्रेनरसोबत लाइन फ्लाइंग (नेहमीच्या मार्गावरची खरी उड्डाणं), मग रूट चेक ही त्याच मार्गावरची परीक्षा आणि शेवटी रिलीज, म्हणजे ट्रेनरशिवाय उडायची मोकळीक.

पायरी ८ : रात्र अंगवळणी पाडणं

भिवंडीच्या गोदामांतला माल संध्याकाळी निघतो आणि सकाळी दुसऱ्या शहरात दारात हवा असतो, म्हणून आपलं काम रात्रीचं. उलव्याच्या विमानतळाची पहिल्या टप्प्यातली मालाची क्षमता वर्षाला ५ लाख टनांची आहे, हे काम आपल्या भागात वाढणारच आहे. नवीन मुलांना सांगतो, दिवसा झोपता येईल अशी खोली आधी तयार करा. जाड पडदे लावा, बेल बंद ठेवा, घरच्यांशी स्पष्ट बोला. सणासुदीला आणि लगीनसराईत तुम्ही झोपलेले असाल, हे त्यांना माहीत हवं. गणपतीत खालच्या मंडपात ढोल वाजत असेल आणि तुमचा रिपोर्टिंग टाइम मध्यरात्रीचा असेल, तर त्या दिवशी झोपायला नातेवाइकांच्या शांत घरी जा. झोप झाली नसेल तर कंपनीला तसं कळवणं हा तुमचा हक्क आहे आणि कर्तव्यही.

नियम मदतीला आहेत. वर्षाला १००० तासांपेक्षा जास्त उड्डाण नाही. नव्या ड्युटी नियमांत आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली. आपला स्वतःचा हिशेब वहीत ठेवा, सगळं रोस्टरवाल्यावर सोडू नका.

ड्युटीआधी ब्रेथ अ‍ॅनालायझर असतो, तिथे माफी नाही. उड्डाणाच्या आधीचे १२ तास दारू वर्ज्य आणि मोजणीत शून्य हवं. अल्कोहोल असलेलं कफ सिरप, माउथवॉशसुद्धा टाळा. औषध घ्यायचं तर कंपनीच्या डॉक्टरला विचारून.

ठाण्यातून निघणाऱ्यांसाठी एक : घोडबंदर रोडवर रात्री अवजड गाड्यांची रांग असते. कंपनीची गाडी घ्यायला येणार असली तरी अर्धा तास हाताशी ठेवा. उलव्याला जायचं झालं तर ऐरोली-पाम बीचचा रस्ता एकदा रात्रीच्या वेळी स्वतः चालवून बघा.

पायरी ९ : सही करण्याआधी

बाँड (ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याची हमी) किती वर्षांचा, किती रकमेचा, दर महिन्याला कमी होतो की शेवटपर्यंत तेवढाच राहतो, हे विचारा. ताफा बदलला आणि कंपनीने तुम्हाला नव्या टाइपवर पाठवलं, तर नवा बाँड सुरू होतो का? जुना संपतो का? विमान काढून टाकलं आणि तुम्हाला बसवून ठेवलं, तर किमान पगार किती तासांचा? हे तिन्ही प्रश्न लेखी विचारा, उत्तरंही लेखी घ्या. नोटीस पिरियड डीजीसीएच्या नियमाप्रमाणे फर्स्ट ऑफिसरला ६ महिने आणि कमांडरला एक वर्ष आहे, त्यामुळे 'जमलं नाही तर पुढच्या महिन्यात सोडू' असं इथे होत नाही. करारपत्र घरी आणा, ओळखीच्या वकिलाला दाखवा, आई-बाबांसोबत बसून एकदा वाचा. कर्जावर जामीनदार म्हणून त्यांचीही सही असते.